‘बाबांना सांगू नका’ असे मुलगा म्हणतो तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. तालुक्याच्या गावी तुम्ही नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली आहे. एकसष्ट वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ अन्नावरची वासना उडाली, वजन उतरले, थकवा येतो म्हणून तुमच्याकडे आले. एंडोस्कोपीत जठरात व्रण दिसला, बायोप्सीत कॅन्सर निघाला, सीटी स्कॅनमध्ये यकृतातही गाठी दिसल्या. रिपोर्ट थोरल्या मुलाने आधी हातात घेतला, तुम्हाला केबिनच्या दाराशी गाठले आणि हात जोडून सांगितले की बाबांना यातले काहीही कळू देऊ नका, ते हाय खातील. शनिवारी गृहस्थ स्वतः तपासायला येणार आहेत. त्यांच्याशी खोटे बोलावे का, खरे बोलल्यास कुटुंब बिथरेल का, आणि कायद्याचे याविषयी काय म्हणणे आहे, असे तुम्ही विचारले आहे.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून मी एकतीस वर्षे काम करतो आहे, आणि केबिनच्या दाराशी घडणारा हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की नातेवाइकाने ‘डॉक्टर, जरा बाहेर येता का’ म्हटले की पुढचे वाक्य मला ठाऊक असते. वैद्यकीय महाविद्यालयात नीतिमत्ता म्हणून जे शिकवले जाते, त्यात गर्भलिंगनिदान असते, अवयवांची खरेदी-विक्री असते, रुग्ण पाठवण्याबद्दल घेतलेला कट असतो. हे विषय गंभीर आहेत, परंतु ते पेच नाहीत, मोह आहेत. कट घेणाऱ्या डॉक्टरला आपण चुकीचे करतो आहोत हे पक्के माहीत असते, आणि २००२ च्या आचारसंहितेत त्याला स्पष्ट मनाईही आहे. खरा पेच तिथे असतो, जिथे समोरचा माणूस वाईट नसतो, त्याची मागणी प्रेमातून आलेली असते आणि ती मान्य केल्याने मात्र तिसऱ्या माणसावर, म्हणजे रुग्णावर, अन्याय होणार असतो. तुमचा पेच अगदी या जातीचा आहे.

कायद्याचे आधी सांगतो, कारण तिथून फार मोठा आधार मिळेल अशी तुमची अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये केलेले आचारसंहितेचे नियम आजही लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम अधिसूचित केले, पण तीन आठवड्यांच्या आतच ते स्थगित ठेवले. जुन्या नियमांत रोगाच्या भवितव्याविषयी एक कलम आहे. डॉक्टरने रुग्णाच्या अवस्थेचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे त्यात म्हटले आहे, आणि इथवर सगळे ठीक आहे. पुढे मात्र रुग्ण, त्याचे नातेवाईक किंवा त्याचे जबाबदार स्नेही यांना रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताला आवश्यक तेवढी माहिती आहे याची डॉक्टरने खात्री करावी, असे आहे. त्यातल्या ‘किंवा’ या शब्दावर आपल्याकडची निम्मी वैद्यकीय व्यवहाररीत उभी आहे. मुलाला सांगितले म्हणजे नियम पाळला, असा अर्थ त्यातून काढता येतो आणि आपण सगळ्यांनी तो सोयीने काढलेला आहे. पण त्याच नियमांत गोपनीयतेचेही कलम आहे, आणि रुग्णाविषयी समजलेली गोष्ट न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार हे अपवाद सोडून उघड करू नये, असे ते सांगते. ते कलम अक्षरशः घेतले, तर रुग्णाच्या आधी मुलाच्या हातात रिपोर्ट पडला तेव्हाच पहिली चूक होऊन गेलेली आहे. ‘बाबांना सांगू की नको’ हा तुमचा प्रश्न आहे. ‘मुलाला कोणाच्या परवानगीने सांगितले’ हा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्याच मनात येत नाही.

याच बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली खटल्यातला जानेवारी २००८ चा निकाल प्रत्येक डॉक्टरने एकदा वाचायला हवा. चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित महिलेने दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे न्यायालय म्हणाले नाही. हे करण्यामागे वैद्यकीय कारण होते हेही नाकारले नाही. तरीही सज्ञान आणि विचार करण्यास समर्थ असलेल्या रुग्णाच्या जागी, जीव वाचवण्याची निकड नसताना, दुसरे कोणीही संमती देऊ शकत नाही, आईसुद्धा नाही, असे ठरले. मग तुमच्या गृहस्थांना केमो सुरू करायची झाली तर संमतीपत्रावर सही कोणाची? आजाराचे नावच न सांगता घेतलेली सही ही संमती होईल का? तुम्ही शनिवारी खोटे बोललात, तर पुढच्या प्रत्येक कागदावर तेच खोटे पुन्हा लिहावे लागेल.

आता कुटुंबाकडे येतो. मुलाला खलनायक समजण्याची घाई करू नका. ‘हाय खातील’, ‘धसका घेतील’, ‘हातपाय गाळतील’ हे आपल्या भाषेतले शब्दप्रयोग पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहेत. कॅन्सर म्हणजे मरण असे समीकरण ज्या काळात खरे होते, त्या काळातून ते आले आहेत. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात ‘त्यांना टाटाला नेलंय’ एवढे वाक्य आजही निदानासारखे ऐकले जाते, आणि ऐकणारा आवाज खाली करतो. अशा वेळी वडिलांना वाचवता येत नाही हे कळलेला मुलगा निदान त्यांना दुःखापासून तरी वाचवू पाहतो. त्याच्या हातात आता एवढेच उरलेले असते. माझ्या अनुभवात ‘सांगू नका’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला ‘का’ असे वाद घालण्याच्या सुरात नव्हे, तर खरोखर जाणून घेण्यासाठी विचारले, तर बहुतेक वेळा निराळेच काहीतरी बाहेर येते: मागे काका याच आजाराने गेले आणि कळल्यावर आठ दिवस जेवले नव्हते, किंवा धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आहे, किंवा, आणि हे पुष्कळदा, वडिलांनी विचारले तर आपल्याला रडू आवरणार नाही, अशी त्या मुलाची स्वतःची भीती असते.

आणि वडिलांना काही कळलेले नाही, हे गृहीतक तर फारच भाबडे आहे. ज्या माणसाने चाळीस वर्षे जनावराच्या डोळ्यांवरून त्याचे दुखणे ओळखले, त्याला घरात आपण शिरताच बोलणे थांबते हे कळत नाही का? त्याला नळी घालून तपासलेले असते, पोटातला तुकडा काढलेला असतो, मुंबईहून लेक अचानक भेटायला आलेली असते. मोठ्या रुग्णालयाच्या दारावरची पाटी त्याला वाचता येते, नाही आली तर शेजारच्या खाटेवरचा माणूस वाचून दाखवतो. मग घरात एक विचित्र खेळ सुरू होतो: मुले वडिलांसमोर हसतात, वडील मुलांना वाईट वाटू नये म्हणून काही माहीत नसल्याचे दाखवतात, आणि ज्या चार महिन्यांत एकमेकांशी सगळ्यात जास्त बोलायला हवे होते, त्याच चार महिन्यांत ‘बरं वाटतंय का’ आणि ‘हो, आज जरा बरं आहे’ एवढेच बोलणे होते.

हा खेळ मी स्वतः खेळलो आहे आणि त्याची किंमत मी पाहिली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई होत्या. पापड, कुरडया, मसाले करून विकायच्या, आणि गल्लीतल्या अकरा बायकांची भिशी चालवायच्या. त्यांच्या बीजांडकोशात कॅन्सर निघाला, पोटात पाणी झालेले होते. मुलगा म्हणाला, आईला सांगू नका. मी मान डोलावली आणि बाईंना ‘पोटात सूज आहे, पाणी काढावे लागेल’ असे सांगितले. एरवी धर्मराजाच्या ‘नरो वा कुंजरो वा’वर आपण टीका करतो, पण आमच्या धंद्यात ते रोज उच्चारले जाते, पोटात सूज होतीच, पाणीही काढावे लागतच होते, आणि दोन्ही वाक्ये खरी असूनही मी खोटे बोललो होतो. निदानानंतर सातव्या महिन्यात बाई गेल्या. भिशीचा सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात होता. कोणाचा नंबर लागून गेला, कोणाचे किती देणे आहे, हे त्यांनी कुठे लिहून ठेवले नव्हते, कारण आपल्याला वेळ थोडा आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या दिवसकार्यानंतर दारात भांडणे झाली. ज्या बाईने आयुष्यभर कोणाचा रुपया बुडवला नाही, तिच्या नावाला मागे बट्टा लागला. पुढे त्यांची मुलगी माझ्याकडे तापासाठी आली असताना जाता जाता म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्हाला माहीत होतं ना?’ तिने आरोप केला नव्हता, साधी विचारणा केली होती. मी ‘हो’ म्हणालो, आणि त्यापुढे बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

आपण डॉक्टर लोक हे का करतो, याविषयीही थोडे प्रामाणिक होऊ. नातेवाइकांच्या भावनांचा आदर, आपली संस्कृती, एकत्र कुटुंब ही कारणे आपण चारचौघांत देतो. त्यांत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पण खोटे बोलायला दोन मिनिटे लागतात आणि खरे सांगायला चाळीस, आणि बाहेर तीस केसपेपर थांबलेले असतात, हेही कारण आहे. रुग्ण गेल्यावर तो तक्रार करायला येत नाही, नातेवाईक येतात. बिल नातेवाईक भरतात, समाजमाध्यमांवर नातेवाईक लिहितात, आणि काच फोडायची झाली तर तीही तेच फोडतात. डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तो काही हौसेने केलेला नाही. तेव्हा नातेवाइकांना खूश ठेवण्यामागे आपली भीतीही असते. ही भीती असणे गैर नाही. तिला संस्कृतीचे नाव देणे गैर आहे.

रुग्णाला सांगणे हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे माझे काही ज्येष्ठ सहकारी आजही म्हणतात. त्यांना मी नेहमी एक जुनी गोष्ट सांगतो. १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातल्या दोनशेहून अधिक डॉक्टरांना विचारले असता सुमारे ९० टक्क्यांनी कॅन्सरच्या रुग्णाला निदान न सांगणेच पसंत असल्याचे म्हटले होते, आणि कारणे अगदी आपल्यासारखी दिली होती: रुग्ण खचेल, जीव देईल, आशा सोडेल. १९७९ मध्ये अमेरिकेतच दुसऱ्या रुग्णालयात तशीच प्रश्नावली दिली, तेव्हा सुमारे ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत त्यांची संस्कृती बदलली नव्हती; उपचार सुधारले होते, रुग्ण प्रश्न विचारू लागले होते आणि डॉक्टरांची सवय मोडली होती. आपल्याकडेही तेच घडते आहे, फक्त आपण ते उशिरा मान्य करतो आहोत.

ग्रामीण भागात या गुप्ततेला एक फार व्यावहारिक तडा जातो आणि तुमच्या रुग्णाच्या बाबतीत तो जाण्याची शक्यता मला दिसते. जमीन बहुधा वडिलांच्या नावावर असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि तिचा लाभ तुम्ही त्यांना जरूर मिळवून द्या. पण मोठ्या शहरात जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, योजनेबाहेरच्या तपासण्या आणि औषधे यांचा भार घरावर पडतोच. मग विहिरीकडचा तुकडा विकायचे ठरते आणि सात-बाऱ्यावर नाव बापाचे निघते. आता ज्या माणसाला आजार सांगायचा नाही, त्याचीच सही त्याच्याच उपचाराच्या खर्चासाठी हवी असते. एका कुटुंबाने माझ्यासमोर वडिलांची सही ‘पीककर्जाचे कागद’ म्हणून घेतल्याचे सांगितले, तेव्हा मी हादरलो होतो, आणि ते लोक दुष्ट नव्हते. यकृतात पसरलेल्या जठराच्या कॅन्सरमध्ये केमोने मिळणारा काळ वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजायचा असतो. त्या महिन्यांसाठी जमीन विकायची की ती नातवासाठी ठेवायची, केमोचा त्रास सोसायचा की वेदना आवरून घरी राहायचे, हा निर्णय ज्याची जमीन आणि ज्याचे शरीर, त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी कोणत्या अधिकाराने घ्यावा? मी असे शेतकरी पाहिले आहेत ज्यांनी सगळे नीट ऐकून घेऊन ‘जमिनीला हात लावायचा नाही’ असे सांगितले, आणि असेही पाहिले आहेत ज्यांनी ‘आधी मला उभे करा, जमीन पुन्हा घेऊ’ म्हणून स्वतः गिऱ्हाईक शोधले. दोघांचेही बरोबर होते.

बायकांच्या बाबतीत हीच गोष्ट इतकी सवयीची झालेली आहे की ती पेच म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. पुरुषाचे निदान लपवायचे तर मुलाला निदान हात जोडावे लागतात. बाईचे निदान नवऱ्याला आधी सांगण्यासाठी कोणाला काही विनंती करावी लागत नाही, आपण होऊनच आपण तिला बाहेर बसवतो आणि त्याला आत बोलावतो.

शनिवारी काय करायचे, याकडे येतो. पण ज्याला मी या कामातली मुख्य युक्ती मानतो, ती शनिवारची नाहीच. ती पहिल्या भेटीची आहे. ज्या रुग्णाची बायोप्सी करायला पाठवायची आहे, त्याला पाठवतानाच, निकाल कोणालाही माहीत नसताना, मी विचारतो: ‘रिपोर्ट आल्यावर मी सगळे तुमच्याशी बोलू, की तुम्ही आणि घरचे मिळून बसाल, की मुलाशी बोललेले तुम्हाला चालेल?’ आणि जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहितो. तेव्हा निकाल आलेला नसल्याने कोणी घाबरत नाही, मुलगाही शेजारी बसून ऐकत असतो, आणि पुढे तो दाराशी आला तर मला एवढेच म्हणता येते की बाबांनी तुमच्यासमोरच काय सांगितले होते, आठवते ना. तपासणीच्या फॉर्मवर मोबाइल नंबर रुग्णाचा लिहावा, मुलाचा नव्हे, हीसुद्धा त्यातलीच गोष्ट आहे. हल्ली निदान डॉक्टर सांगतच नाहीत, ते व्हॉट्सअ‍ॅपवर ज्याचा नंबर असेल त्याला कळते.

तुमची ती वेळ गेली आहे, म्हणून आधी मुलाला एकट्याला बोलवा. त्याला दोन गोष्टी सांगा. पहिली, मी स्वतःहून बाबांच्या अंगावर रिपोर्ट टाकणार नाही. दुसरी, त्यांनी सरळ विचारले तर मी खोटे बोलणार नाही. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत मी फरक करतो, आणि माझ्या मते सगळी तडजोड या दोहोंमधल्या जागेत बसते. बहुतेक मुले हे ऐकून आधी चिडतात, मग त्यांना हायसे वाटते, कारण आता ते ओझे एकट्याचे राहत नाही. तो ‘मग आम्ही दुसरीकडे नेतो’ म्हणाला, तर नेऊ द्या. रिपोर्टच्या प्रती आणि एक नीट लिहिलेले पत्र सोबत द्या. माझ्याकडून अशी थोडीच कुटुंबे कायमची गेली आहेत, पण काही गेली आहेत, हे मी लपवत नाही.

मग गृहस्थांशी बोलताना सांगण्यापासून सुरुवात करू नका, विचारण्यापासून करा. ‘तुम्हाला स्वतःला काय वाटते, हे कशाने होत असेल?’ या एका प्रश्नाचे उत्तर ऐकून मी अनेकदा थक्क झालो आहे. कोणी म्हणतो, ‘गाठ असणार, आमच्या चुलत्याला हेच झालं होतं.’ कोणी म्हणतो, ‘पित्त असेल, नाही का?’ आणि तुमच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. त्यानंतर, किती जाणून घ्यायचे आहे ते विचारा. वाईट बातमी सांगण्याची ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची जी पद्धत २००० मध्ये मांडली गेली आणि आता प्रशिक्षणात शिकवतात, तिच्यातही सांगण्याच्या आधी रुग्णाची इच्छा विचारण्याची स्वतंत्र पायरी आहे. पायऱ्या पाठ करून कोणी माणूस होत नाही, पण ती एक पायरी मात्र विसरू नका.

काही रुग्ण स्पष्ट सांगतात की मला काही सांगू नका, पोरांशी बोला. ते ऐकणे म्हणजे त्यांचा अधिकार डावलणे नव्हे. न जाणण्याचा निर्णय हाही त्यांचाच निर्णय आहे, फक्त तो त्यांच्या तोंडून आलेला हवा, मुलाच्या नव्हे. तसा निर्णय झाला तर तोही लिहून ठेवा, आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारा, कारण माणसे बदलतात. मी स्वतः काही दिवस थांबतो, ते रुग्ण तापात किंवा भ्रमात असेल तेव्हा, किंवा आत्महत्येचा खरा धोका दिसत असेल तेव्हा; आणि त्या थांबण्याला तारीख घालतो, नाहीतर ‘थोडे दिवस’ कधीच संपत नाहीत.

सांगताना ‘काही करता येणार नाही’ हे वाक्य तोंडून जाऊ देऊ नका, कारण ते खरे नसते. वेदना आवरता येतात. तोंडाने घेण्याचे मॉर्फिन स्वस्त औषध आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून ते वैद्यकीय वापरासाठी मिळवण्याची वाट पूर्वीपेक्षा सुकर झाली आहे, तरी तालुक्याच्या ठिकाणी ते अजून सहज मिळत नाही, म्हणून जवळच्या कोणत्या केंद्रात मिळते याची चौकशी आजच करून ठेवा. ज्याला ‘पित्त’ म्हणून सांगितले आहे, त्याला मॉर्फिन कशासाठी देतो आहोत हे तुम्ही कसे सांगणार, हाही एक प्रश्न आहेच.

शेवटच्या आठवड्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण त्याची मुळे याच शनिवारात आहेत. न सांगितलेला रुग्ण अत्यवस्थ झाला की घाबरलेले कुटुंब त्याला अतिदक्षता विभागात नेते, तिथे नळी पडते, यंत्र लागते, आणि दहा दिवसांनी पैसे आणि धीर दोन्ही संपले की ‘आमच्या जबाबदारीवर घरी नेतो’ अशा कागदावर सही होते. मग अँब्युलन्समध्ये कोणीतरी हाताने अंबू बॅग, म्हणजे श्वास देणारी पिशवी, दाबत बसते आणि घराच्या ओट्याशी ती काढली जाते. कागदोपत्री आपण सल्ला दिला आणि नातेवाइकांनी तो नाकारला. प्रत्यक्षात उपचार थांबवण्याचा निर्णय आपल्या मूक संमतीने झालेला असतो, आणि वेदनेचे औषध, ऑक्सिजन, शेवटच्या तासांची काळजी यांपैकी काहीही सोबत न देता झालेला असतो. याला मी पळपुटेपणा म्हणतो, आणि मीही तसे कागद भरून घेतलेले आहेत.

याला सरळ मार्ग आता आहे. केईएम रुग्णालयातल्या, वर्षानुवर्षे अचेतन अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जो प्रश्न आला, त्याचा एक भाग असा होता की जो माणूस बोलू शकत नाही, त्याच्या वतीने बोलणार कोण. आणि न्यायालयाने तो मान याचिका करणाऱ्यांना न देता, वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. पुढे ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने, बरे होण्याची आशा नसताना उपचार थांबवण्याची आणि त्याविषयी आधीच लिहून ठेवण्याची वाट मोकळी केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती प्रक्रिया सुटसुटीत झाली: अशा वैद्यकीय इच्छापत्रावर (लिव्हिंग विल) दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते, आणि उपचार थांबवण्यासाठी दोन वैद्यकीय मंडळांचे मत लागते, ज्यांपैकी दुसऱ्यावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. एम. एस. सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र केले, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. पण ज्याला आपला आजारच माहीत नाही, तो कसले इच्छापत्र करणार? तुमच्या गृहस्थांना यंत्रावर जायचे आहे की ओट्यावर आपल्या खाटेवर राहायचे आहे, हे विचारण्याची संधी आता आहे, चार महिन्यांनी नसेल. त्यासाठी नोटरीसुद्धा लगेच लागत नाही. त्यांचे म्हणणे मुलांच्या देखत ऐकून केसपेपरवर तारखेसह लिहिलेले असले, तरी त्या घरात पुढे पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

शनिवारी त्यांना शेवटचा नंबर द्या आणि त्यानंतर दुसरा रुग्ण ठेवू नका. मुलाला बाहेर पाठवायचे की आत बसवायचे, हे गृहस्थांनाच विचारा. खुर्ची टेबलाच्या पलीकडची सोडून त्यांच्या बाजूला घ्या, मोबाइल बंद करा आणि पाण्याचा तांब्या जवळ ठेवा. ते विचारतील ते पहिल्या दिवशी तुम्हाला सगळे सांगता येणार नाही, आणि ते सगळे विचारणारही नाहीत. बहुतेक जण पहिल्या दिवशी एवढेच विचारतात की पेरणीपर्यंत मी हिंडता-फिरता राहीन का. त्याचे उत्तर, तपासून जे वाटेल ते, द्या, आणि पुढची भेट आठ दिवसांच्या आतली लिहून द्या.